परतीचे तिकीट

आपल्याकडील स्त्रीने समुद्र प्रथम केव्हा ओलांडला, असे कोणी विचारले तर मराठी माणूस बहुधा १८८३ हे साल सांगेल. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेकडे निघाल्या, आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला बरोबर घेऊन इंग्लंडला गेल्या. निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात व्याख्यान देऊन आपण का जात आहोत हे लोकांपुढे मांडले. रमाबाईंनी आपल्या सफरीची हकिगत पत्ररूपाने लिहून पाठविली आणि ती 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने छापली गेली. दोघींच्या धैर्याची वाखाणणी आपण आजवर करीत आलो आहोत, आणि ती यथार्थच आहे.

परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर या उत्तरात एक मोठी गफलत आहे. आनंदीबाई आणि रमाबाई निघाल्या त्याच्या आधी शंभराहून अधिक वर्षे हिंदी स्त्रिया समुद्रापार जातच होत्या. एकदा जाऊन परत येत होत्या आणि पुन्हा जात होत्या. त्यांनी जाण्यापूर्वी व्याख्याने दिली नाहीत, प्रवासवर्णने लिहिली नाहीत. त्यांच्या कडेवर दुसऱ्याचे मूल होते. या स्त्रिया म्हणजे साहेबांच्या घरच्या आया होत. त्यांच्याविषयी आज चार गोष्टी आपणांस सांगावयाच्या आहेत.

'आया' हा शब्द आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांकडून. पोर्तुगीज भाषेत मुलांचा सांभाळ करणाऱ्या स्त्रीला 'आइआ' म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर रुजलेला हा शब्द इंग्रजांनी उचलला आणि साऱ्या हिंदुस्थानभर पसरविला. भाषेचा योगायोग असा, की मराठीत 'आई' या शब्दाचे अनेकवचनही 'आया' असेच होते. 'आयाबहिणी' म्हणताना आपण जो शब्द आदराने उच्चारतो, तोच शब्द बंगल्याच्या मागील पडवीत नोकराणीचा वाचक झाला. व्युत्पत्तीने या दोन शब्दांचे काही नाते नाही. पण व्यवहारात त्या नोकराणीने मुलांसाठी जे केले, ते पाहता हा योगायोग अगदीच अर्थशून्य वाटत नाही.

प्लासीच्या लढाईनंतर कंपनीचे अधिकारी पैसा गाठीला बांधून मायदेशी परतू लागले, तेव्हा इतर सामानसुमानाबरोबर त्यांनी हिंदी नोकरचाकरही नेले. त्या काळचा एक पुरावा चित्राच्या रूपाने उरला आहे. सर जोशुआ रेनल्ड्स या विख्यात चित्रकाराने १७६५-६६ च्या सुमारास जॉर्ज क्लाइव्ह याच्या कुटुंबाचे चित्र काढले. हा जॉर्ज म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा नातलग. ते चित्र आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात साहेब आहे, त्याची बायको आहे, हिंदी थाटाचा पोशाख घातलेली त्यांची लहान मुलगी आहे. आणि त्या मुलीला सावरून धरीत गुडघ्यांवर बसलेली एक सावळी हिंदी स्त्रीही आहे. चित्रातील कुटुंबाची नावे आपणांस ठाऊक आहेत. त्या स्त्रीचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. चित्राच्या मथळ्यात ती केवळ 'एक हिंदी दासी' आहे. पुढील पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाचे सूत्र या एका चित्रातच सापडते, असे म्हटले तरी चालेल.

साहेबांना आयेची एवढी गरज का पडत असे? त्याचे कारण त्या काळच्या साम्राज्याच्या घडणीतच आहे. हिंदुस्थानातील हवा गोऱ्या मुलांना मानवत नाही, आणि येथील नोकरांच्या सहवासात वाढलेली मुले पुरती इंग्रज होत नाहीत, अशी साहेबलोकांची पक्की समजूत होती. म्हणून पाच-सात वर्षांचे झाले की मूल शिक्षणासाठी विलायतेस धाडीत. मडमा आजारपणासाठी, बाळंतपणासाठी किंवा रजेसाठी जात-येत असत. पूर्वी जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाई आणि पाच-सहा महिने समुद्रावर काढावे लागत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी सुटू लागल्या, आणि मुंबईहून लंडन सुमारे तीन आठवड्यांच्या टप्प्यात आले. प्रवास सोपा झाला तशी ये-जा वाढली, आणि ये-जा वाढली तशी प्रवासी आयांची मागणी वाढली. मुंबई हे तर या रहदारीचे प्रमुख द्वारच बनले.

बोटीवर आयेचे काम काय असे, हे ज्याने समुद्रप्रवास केला आहे त्याला निराळे सांगावयास नको. बोट बंदराबाहेर पडून हेलकावे खाऊ लागली की मडम अंथरूण धरीत असे. मग तान्ह्याला दूध पाजणे, त्याचे कपडे धुणे, मोठ्या मुलाला कठड्यापासून दूर ठेवणे, मडमेच्या उशाशी बसणे, हे सारे एकट्या आयेने करावयाचे. रात्री निजायला केबिनमधील जमीन, नाहीतर डेकचा एखादा कोपरा. तिलाही समुद्र लागत असेल, तिलाही घरची आठवण येत असेल. पण ज्या कामासाठी तिला घेतलेले असे, त्या कामात समुद्र न लागणे हे गृहीतच धरलेले होते.

अशा कामाला कोण जात असे, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. सिंधुबंदीचा निर्बंध ज्या काळी उच्चवर्णीय पुरुषांनाही जाचत होता, विलायतेहून आलेल्याला प्रायश्चित्त घेतल्यावाचून पंगतीला बसू देत नसत, त्या काळी या स्त्रिया निर्वेधपणे जात-येत होत्या. त्याचे उघड कारण असे, की त्यांपैकी बऱ्याच जणी ज्यांना समाजाने पंगतीला मुळीच बसविले नव्हते अशा जातींतील होत्या. शिवाय ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रियाही त्यांत होत्या. गोव्याकडील ख्रिस्ती आयांना मुंबईच्या साहेबांच्या घरी मागणी असे, कारण खाण्यापिण्याचा विटाळ त्या मानीत नसत. ज्यांना गमवायला प्रतिष्ठा नव्हती त्यांना समुद्राने अडविले नाही. आपल्या सुधारणेच्या इतिहासात सिंधुबंदी मोडणाऱ्यांची जी यादी असते, तीत या स्त्रियांचे नाव नसते. बंदी मोडल्याचे श्रेय मिळण्यासाठी आधी ती बंदी लागू होण्याइतकी प्रतिष्ठा असावी लागते, असाच याचा अर्थ.

येथवरची कथा कष्टाची आहे, पण ती अद्याप अन्यायाची नाही. मोल ठरवून केलेले काम म्हणजे अन्याय नव्हे. अन्यायाला सुरुवात होई ती बोट लंडनच्या धक्क्याला लागल्यावर.

आया ठेवलेली असे ती प्रवासापुरती. विलायतेत पोहोचल्यावर मडमेला तिची गरज उरत नसे. तेथे इंग्रज दाया स्वस्तात मिळत आणि थंडीने कुडकुडणारी हिंदी बाई घरात नकोशी होई. सज्जन मालक तिला परतीचे तिकीट काढून देई, किंवा हिंदुस्थानकडे निघालेले दुसरे कुटुंब शोधून तिला त्यांच्या स्वाधीन करी. पण साऱ्यांनाच ही आठवण राहत नसे. येताना कोणताही लेखी करार झालेला नसे. जे काही ठरलेले असे ते तोंडी, आणि तेही मुंबईच्या एखाद्या बंगल्याच्या व्हरांड्यात. कंपनी सरकारने पूर्वी हिंदी नोकर नेणाऱ्या मालकांकडून परतीच्या खर्चासाठी जामीन घेण्याची पद्धत घातली होती. परंतु कागदावरचा जामीन आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर तेव्हाही फार होते. मालकाने हात झटकले की ती बाई सात हजार मैलांवरील परक्या शहरात, परक्या भाषेत आणि परक्या थंडीत एकटी उरे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या वस्तीत, अशा स्त्रियांनी भरलेली भाड्याची घरे आढळत. १८५५ च्या सुमारास रॅटक्लिफ हायवे या बदलौकिकाच्या रस्त्यावरील एका खाणावळीत पन्नास-साठ आया राहत असल्याचे उघडकीस आले. जोसेफ सॉल्टर नावाचा एक मिशनरी त्या भागात हिंदी खलाशांमध्ये काम करी. त्याने आपले अनुभव पुस्तकरूपाने लिहून ठेवले आहेत, आणि त्यांत या स्त्रियांच्याही हकिगती आहेत. कोणी वर्तमानपत्रात जाहिरात देई, की हिंदुस्थानकडे जाणाऱ्या कुटुंबाबरोबर काम करीत जाण्यास तयार असलेली एक अनुभवी आया उपलब्ध आहे. 'टाइम्स'च्या स्तंभांतून अशा जाहिराती येत असत. आजचा वाचक त्या सहज ओलांडून पुढे जाईल. पण त्या दोन-तीन ओळींमागे घरी परतण्याचा दुसरा मार्ग नसलेली एक स्त्री असे, हे ध्यानात घेतले की त्या जाहिराती निराळ्याच वाटू लागतात.

येथे कोणी विचारील, की या स्त्रियांना कायद्याचा काहीच आधार नव्हता काय? याचे उत्तर देण्यासाठी त्या काळी समुद्र ओलांडणाऱ्या आणखी दोन वर्गांशी त्यांची तुलना करून पाहिली पाहिजे.

पहिला वर्ग खलाशांचा. आपल्या कोकण किनाऱ्यावरील, विशेषतः रत्नागिरीकडील, कितीतरी माणसे आगबोटींवर काम करीत. त्यांचे हाल काही कमी नव्हते. तथापि खलाशी बोटीवर चढे तो करारावर सही-अंगठा करून. १८२३ पासून पुढे झालेल्या जहाजरानीच्या कायद्यांनी त्याला मायदेशी परत पोहोचविण्याचा भार जहाजाच्या मालकांवर टाकलेला होता. तो लंडनच्या रस्त्यावर बेवारशी सापडला तर ज्याच्याकडे बोट दाखवावे असा कोणीतरी होता. १८५७ साली लाइमहाउस भागात त्याच्यासारख्या परदेशी पुरुषांसाठी एक आश्रयगृहही निघाले.

दुसरा वर्ग गिरमिटियांचा. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत मुंबई बंदरातून आपली मराठी माणसेही गेली. त्यांचे वंशज आज तेथे मराठी म्हणूनच ओळखले जातात. गिरमिटाची पद्धत ही गुलामगिरीची धाकटी बहीण होती, यात शंका नाही. परंतु त्या पद्धतीला प्रत्येक मजुराची नोंद लागत असे. नाव, बापाचे नाव, जात, गाव, वय असे सारे मॉरिशसच्या दप्तरांत लिहिलेले आहे. स्त्रियांच्याही नोंदी आहेत. आज चौथ्या-पाचव्या पिढीतील नातू तेथे जाऊन आपल्या पणजीचे गाव शोधू शकतो.

आया या दोन्ही वर्गांत बसत नव्हती. ती खलाशी नव्हती, म्हणून जहाजाचा मालक तिला बांधलेला नव्हता. ती गिरमिटिया नव्हती, म्हणून सरकारने तिची नोंद केली नव्हती. कायद्याच्या डोळ्यांना ती एका कुटुंबाची खाजगी बाब होती. उतारूंच्या यादीत साहेब, मडम, दोन मुले आणि शेवटी 'व आया', एवढाच काय तो तिचा उल्लेख. अशा खाजगी नोकरांना परत पाठविण्याचे कायदेशीर बंधन आपणावर नाही, अशीच लंडनमधील इंडिया ऑफिसचीही वृत्ती होती. घरकाम हे काम नव्हे, तो घरातला मामला आहे, ही समजूत किती जुनी आणि किती सोयीची आहे, हे येथे दिसून येते.

या अंधारात एक दिवा मिणमिणत होता. लंडनच्या ऑल्डगेट भागात आयांसाठी एक वसतिगृह एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. पुढे लंडन सिटी मिशन या ख्रिस्ती संस्थेने ते आपल्याकडे घेतले आणि १९०० साली हॅकनी भागात, किंग एडवर्ड रोडवरील २६ क्रमांकाच्या घरात हलविले. तेथे तीस खोल्या होत्या. हिंदी आयांबरोबर चीन, ब्रह्मदेश, लंका या भागांतून आलेल्या स्त्रियाही तेथे उतरत. वर्षाकाठी शंभराहून अधिक आया तेथे राहून जात. १९२१ साली हे घर त्याच रस्त्यावरील दुसऱ्या वास्तूत गेले.

या घराचा व्यवहार कसा चालत असे, हे समजून घेणे उद्बोधक आहे. मालकीण आयेला घेऊन दारात येई आणि तिचे परतीचे तिकीट, किंवा त्याचे पैसे, व्यवस्थापिकेच्या हवाली करी. हिंदुस्थानला निघालेल्या कुटुंबाला प्रवासासाठी आया हवी असली की ते कुटुंब या घराकडे चौकशी करी. ते कुटुंब आयेचे तिकीट विकत घेई, आणि त्या पैशातून तोवर झालेला तिच्या राहण्याजेवणाचा खर्च भागविला जाई. थोडक्यात, आयेचे तिकीट हेच तिचे भांडवल, हीच तिची हुंडी. ते तिच्याबरोबर आलेले असेल तर ती पाहुणी. नसेल तर ती निराधार. तीन आठवडे दुसऱ्याचे मूल छातीशी धरणाऱ्या बाईची किंमत त्या दारात एका कागदाच्या चिटोऱ्यावरून ठरत असे. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तो चिटोरा सहसा तिच्या स्वतःच्या हाती नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभीचे या घरातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. दिवाणखान्यात लुगडी नेसलेल्या आया बसल्या आहेत, कोणाच्या हातात शिवणकाम आहे. चित्र टापटिपीचे आहे. मिशनऱ्यांना आपल्या कार्याची टापटीप दाखवावयाची होती हे उघड आहे. तेथे भजने म्हणवीत, ख्रिस्ताची शिकवण देत, आणि धर्मांतराची आशाही बाळगीत. त्यांच्या हेतूंविषयी आपण काहीही म्हटले, तरी ज्या काळी सरकारने दार बंद केले होते त्या काळी हे एक दार उघडे होते, ही गोष्ट नाकारता येत नाही. त्याचबरोबर हेही खरे, की हक्काच्या जागी दया आली की माणसाला उपकाराखाली राहावे लागते.

१९०८ साली घडलेली एक घटना या साऱ्या परिस्थितीवर प्रकाश टाकते. मुंबईहून एका कुटुंबाबरोबर गेलेली एक आया काम संपल्यावर दुसऱ्या कुटुंबाकडे सोपविली गेली. आणि तिची गरज संपताच लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनावर, हाती एक पौंड ठेवून, सोडून दिली गेली. मुंबईच्या बोरीबंदरावर नवख्या खेडुताची काय त्रेधा उडते हे आपण पाहतो. मग त्या अजस्र स्थानकात, सभोवती माणसांचा लोंढा वाहत असताना, एक पौंड मुठीत धरून उभ्या राहिलेल्या त्या बाईच्या मनाची कल्पना करावी. तिचे प्रकरण इंडिया ऑफिसपर्यंत गेले म्हणून तर ते आज आपणांस कळते. ज्यांची प्रकरणे कोठेच गेली नाहीत अशा किती असतील, हे कोण सांगणार? पुढे हिंदुस्थान आणि वसाहतींमधील निराधार प्रजाजनांचा विचार करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. १९१० साली तिचा अहवाल निघाला, आणि तिच्यापुढे आयांच्या वसतिगृहाची साक्षही झाली. प्रश्न सरकारला माहीत होता. माहीत असूनही तो कायद्याच्या पानावर आला नाही.

एवढे ऐकल्यावर श्रोत्यांच्या मनात या स्त्रियांचे केवळ दीनवाणे चित्र उभे राहील, तर तेही सत्याला धरून होणार नाही. आयांमध्ये एक वर्ग असा होता की प्रवास हाच त्यांचा व्यवसाय होता. साहेबांनी दिलेल्या शिफारशीच्या चिठ्ठ्या त्या रुमालात बांधून जपून ठेवीत, मोबदला ठरवीत, कोणते कुटुंब बरे आणि कोणते वाईट याची बातमी एकमेकींना देत. मिसेस अँटनी परेरा नावाच्या एका आयेने आपण ५४ वेळा हा प्रवास केल्याचे सांगितले होते. चोपन्न वेळा! मोठमोठे दर्यावर्दी ज्या फेऱ्यांचा अभिमान बाळगतील, तेवढ्या फेऱ्या एका बाईने हाती दुसऱ्याचे मूल घेऊन केल्या. वादळे, बंदरे, उकाडा, धुके हे सारे तिने आपल्या प्रवासी विद्वानांपेक्षा कितीतरी अधिक पाहिले असेल. तिने ते लिहून ठेवले असते तर आपल्या प्रवासवाङ्मयात एका अपूर्व ग्रंथाची भर पडली असती. पण लिहिण्याची विद्या तिच्या वाट्याला आलेल्या विद्यांपैकी होती की नाही, कोणास ठाऊक.

पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या भयाने स्त्रियांचा समुद्रप्रवास अडला, तेव्हा कितीतरी आया हॅकनीच्या घरात अडकून पडल्या. युद्ध राजांचे, वाट पाहण्याची शिक्षा मात्र त्यांना झाली. त्याच सुमारास पारपत्राची पद्धत सुरू झाली, आणि येथे इतिहासाने एक विलक्षण उलटापालट केली. ज्या सरकारने या स्त्रियांचे रक्षण करण्यासाठी त्यांचे नाव कधी लिहिले नव्हते, त्याला त्यांची ये-जा नियंत्रित करण्यासाठी नाव लिहावे लागले. नंतरच्या काळातील पारपत्रांचे जे अर्ज दप्तरखान्यांत जतन झाले आहेत, त्यांत आयांचेही अर्ज सापडतात. त्यांवर नाव आहे, ठिकाण आहे, छायाचित्र आहे. शतकानुशतके 'व आया' म्हणून उरलेली स्त्री पहाऱ्याच्या निमित्ताने का होईना, पण नावासह इतिहासात आली.

नावाचा हा मुद्दा मी वारंवार का काढतो आहे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रडयर्ड किपलिंग हा लेखक १८६५ साली मुंबईत जन्मला. १९३७ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्याने मुंबईतील बालपणाच्या आठवणी दिल्या आहेत. आयेबरोबर पहाटे फळांच्या बाजारात जाणे, ख्रिस्ती धर्माच्या त्या आयेने वाटेवरच्या क्रुसापुढे प्रार्थना करणे, हे सारे त्याला म्हातारपणीही आठवत होते. घरातील हिंदू नोकराची आठवण सांगताना त्याने त्याचे नाव मीता असे दिले आहे. आयेचे नाव दिलेले नाही. तो कृतघ्न होता असे मला म्हणावयाचे नाही. उलट त्याच्या शब्दांत माया आहे. पण ज्या माणसाला साऱ्या हिंदुस्थानचा बारीकसारीक तपशील आठवत होता, त्याच्या लेखणीतूनही जिने त्याला वाढविले ती बाई केवळ आपल्या कामाच्या नावाने उतरली. माया करणे आणि माणूस म्हणून मानणे, या दोन गोष्टी किती निराळ्या असू शकतात!

१९४७ नंतर साहेबांची कुटुंबे मायदेशी गेली आणि आयांची ही ये-जाही थांबली. हॅकनीचे घर विसाव्या शतकाच्या मध्यास बंद झाले. काही दशके त्यांची कोणी आठवणही काढली नाही. १९८६ साली रोझिना विसराम या इतिहासकार स्त्रीने आया, खलाशी आणि राजपुत्र यांच्या इंग्लंडमधील वास्तव्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा हा विषय प्रथम विद्वानांपुढे नीट मांडला गेला. २०२२ च्या जून महिन्यात किंग एडवर्ड रोडवरील त्या घरावर स्मृतीची निळी चकती लावण्यात आली. लंडनमध्ये अशा चकत्या कवींच्या, शास्त्रज्ञांच्या आणि मुत्सद्द्यांच्या घरांवर असतात. त्यांच्या मालिकेत नावे हरवलेल्या या स्त्रियांच्या घरालाही जागा मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु चकती लावली म्हणजे प्रकरण मिटले, असे मानण्याचे कारण नाही. घरकामासाठी सीमा ओलांडणाऱ्या स्त्रिया आजही आहेत. फक्त बोटीच्या जागी विमान आले आहे. केरळ, आंध्र आणि इतर प्रांतांतील स्त्रिया आखातात जातात. फिलिपाइन्स आणि श्रीलंका या देशांच्या स्त्रिया तर मोठ्या संख्येने जातात. आखाती देशांत रूढ झालेल्या कफाला पद्धतीने नोकराचा परवाना मालकाशी बांधला जातो. खुद्द लंडनमध्ये १९९८ साली परदेशी घरकामगारांना मालक बदलण्याची मुभा मिळाली होती. २०१२ साली ती काढून घेण्यात आली आणि २०१६ साली मर्यादित मुदतीपुरती परत देण्यात आली. तिकिटाच्या जागी परवाना आला, एवढाच बदल. ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती बाई, हा न्याय कायम राहिला.

आपल्या देशाने १९८३ च्या कायद्याखाली काही देशांत घरकामाला जाणाऱ्या स्त्रीचे वय निदान तीस असावे असा नियम घातला. हेतू संरक्षणाचा होता. पण दार लावले की माणसे खिडकीतून जातात, आणि खिडकीतून गेलेल्याला दाद मागता येत नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. घरकाम हे काम आहे, त्याला लेखी अटी हव्यात, आणि कामगाराचे कागद कामगाराच्याच हाती राहिले पाहिजेत, हे त्याचे सार होय. भारताच्या प्रतिनिधींनी त्याच्या बाजूने मत दिले, परंतु त्याला रीतसर मान्यता देण्याचे भारताकडून राहून गेले आहे.

किंग्ज क्रॉसवर उभ्या राहिलेल्या त्या मुंबईच्या बाईला काय हवे होते? तिला स्मारक नको होते, दयाही नको होती. तिला तिचे परतीचे तिकीट तिच्या स्वतःच्या हातात हवे होते. आनंदीबाई आणि रमाबाई यांच्या सफरींचा आपण अभिमान बाळगतो, तसा तो या निनावी आयांच्याही सफरींचा बाळगावा. पण अभिमानाने ऋण फिटत नाही. आपल्या घरी स्वयंपाकघरात किंवा मुलाच्या पाळण्याशी कोणी बाई दुसऱ्या गावाहून येऊन राबत असेल, तर तिचे पुरते नाव आपणांस माहीत आहे काय आणि घरी जाण्याचा मार्ग तिच्या हाती आहे काय, एवढे दोन प्रश्न प्रत्येकाने आपल्याशी विचारले, तरी त्या ऋणाची फेड सुरू झाली असे म्हणता येईल.